निवडून ठेवलेले बूच

पुलाचा मधला भाग पाण्यात गेला होता. काल संध्याकाळी फळ्या पाण्याच्या वीतभर वर होत्या. आता उजाडताना मेदिर मध्यापर्यंत चालत गेला, तेव्हा पाणी त्याच्या बुटांवरून वाहत होते. तो थांबला. एक पाय उचलून त्याने पुन्हा टेकवला. फळी खाली गेली आणि वर यायला तिने नको तितका वेळ घेतला.

धुके इतके दाट होते की दोन्हींपैकी एकही काठ दिसत नव्हता. एब्रो नदी नुसती ऐकू येत होती. वरच्या अंगाला, लोखंडी पुलाच्या बाजूला, तोफा गुरगुरत होत्या. जुलैमध्ये प्रजासत्ताकाचे सैन्य हीच नदी ओलांडून पश्चिमेला गेले, तेव्हा सगळे म्हणत होते की आता हे यादवी युद्ध फिरणार. आता नोव्हेंबर होता आणि तेच सैन्य त्याच नदीवरून परत येत होते. युद्ध फिरले होते, पण उलट्या बाजूला.

समोरून पावले वाजली. दोन माणसे स्ट्रेचर घेऊन पलीकडून येत होती. मेदिर कडेला सरकला. ती मधल्या भागावर आली तशी फळी बसली, पुढचा माणूस मांडीपर्यंत पाण्यात गेला आणि स्ट्रेचरवरच्या जखमी पोराने किंकाळी फोडली. मेदिरने दांडा धरला. तिघांनी मिळून त्याला कसेबसे अलीकडच्या काठावर आणले.

"पूल आहे की विहीर?" पुढचा माणूस थुंकत म्हणाला.

मेदिर वळला. काठावर मातीच्या बांधाआड टेलिफोनचे खोके होते. त्याने खोक्याची मूठ फिरवली.

"कोण? आजोबा?" तारेतून बाल्दिरीचा आवाज आला. मेदिरला अजून नातवंड नव्हते, पण अख्खी तुकडी त्याला आजोबा म्हणत असे. बाल्दिरी त्याचा जावई, तोही तेच म्हणे.

"तू अजून तिथेच?"

"मग कुठे असणार? बार्सिलोनाला नाटक बघायला गेलोय."

"निघा आता. तुमच्याशिवाय कुणी राहिलेलं नाही तिकडे."

"तसंच ठरलं होतं. सतरा-सतरा वर्षांची पोरं, आयांच्या हातातून ओढून आणलेली. ती आधी जाणार. आपण आपल्या पायांनी आलोय, आपण शेवटी. काल सगळ्यांनी हात वर करून ठरवलं."

"हात वर करायला बंदी आहे ना आता?"

"म्हणून तर अंधारात केले."

मेदिरला हसू आले नाही. छत्तीस साली गावातले स्वयंसेवक निघाले, तेव्हा सगळे असेच हात वर करून ठरायचे. कप्तान कोण, हल्ला करायचा की नाही, मसूर आज शिजवायची की उद्या. पुढे सैन्य शिस्तीचे झाले, ते सगळे थांबले. पण गावची तुकडी जमेल तेव्हा चोरून हात वर करीत असे.

"नीट ऐक," तो म्हणाला. "पूल मध्ये बसलाय. एकेकटे या, अंतर ठेवून. स्ट्रेचर आणू नका. पूल पेलणार नाही."

पलीकडे शांतता झाली. मेदिरला वाटले तार तुटली.

"बाल्दिरी?"

"ऐकलं," बाल्दिरी म्हणाला. "स्ट्रेचर नाही. बरं."

थोड्याच वेळात तार खरोखरच तुटली. वरच्या उतारावर कुठेतरी गोळा पडला आणि खोक्यातून नुसती खरखर यायला लागली.

मेदिर आणि त्याच्यासोबतचा सार्जंट किर्झे, दोघेही जिरोनाकडच्या टेकड्यांतले, एकाच बुचाच्या कारखान्यातले. मेदिरने बापाच्या हाताखाली बुचाच्या झाडाच्या साली निवडायला सुरुवात केली, तेव्हा किर्झे शेजारच्या कढईत त्याच साली उकळत होता. युद्ध सुरू झाले, मालक फ्रान्सला पळाला, कारखाना कामगारांचा झाला. त्याच आठवड्यात गावच्या चौकात नावे नोंदवायला रांग लागली. मेदिर रांगेत होता आणि त्याच्यामागे बाल्दिरी उभा राहिला. तेव्हा बाल्दिरी मेदिरच्या मुलीच्या, रेमेईच्या, मागे होता. होणाऱ्या सासऱ्यावर छाप पाडायची ती एक संधी होती. लग्न पुढे रजेवर असताना झाले. रेमेईने बापाला एकदाच सुनावले: "तुम्ही त्या रांगेत नसता तर तो गेला नसता." त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. मेदिरच्या डोक्यातून तो कधी गेला नाही.

"कुजलंय?" किर्झेने पुलाकडे हात करून विचारले.

"बूच कुजत नाही."

"मग?"

"पाणी प्यायलंय. तुला ठाऊक आहे."

किर्झेने मान वळवली. त्याला ठाऊक होते.

हा पूल बुचावर तरंगत होता. सालींचे गठ्ठे तारेच्या जाळीत आवळायचे, त्यांवर लाकडी चौकटी, चौकटींवर फळ्या. एका वेळी एकच माणूस जाईल एवढी रुंदी. जुलैमध्ये त्यांच्याच कारखान्यातून ट्रक भरून साली आल्या, आणि त्या उतरवताना मेदिर व किर्झे यांनी, कुणी न सांगता, त्या निवडल्या. खडबडीत, भेगाळ, झाडाची पहिली साल एका बाजूला. गुळगुळीत, दाट, एकही भोक नसलेली दुसऱ्या बाजूला. जन्मभर हात तेच करीत आले होते. झाडाला साल पुन्हा धरायला दहा-बारा वर्षे लागतात; तिसऱ्या-चौथ्या वेळची साल शँपेनच्या बाटलीला जाते, ती कुणी नदीत टाकत नाही. पहिली साल नदीत गेली. चांगली साल मागच्या खेचरांच्या गोठ्यात, पेंढ्याखाली. युद्ध संपल्यावर गावाला ती लागणार होती. तिथल्या कुठल्याही माणसाने हेच केले असते, म्हणून कुणी त्यावर बोललेही नव्हते.

तरंगायचे म्हणाल तर दोन्ही साली सारख्याच तरंगतात. पहिले काही आठवडे. मग भेगांतून पाणी शिरते. त्यात बॉम्बचे तुकडे, गोळ्या, रोज हजारो पावलांचे वजन. शरद ऋतूभर पूल रोज थोडा खाली जात होता आणि मेदिर रोज त्याला दोन-चार गठ्ठे जोडून वेळ मारून नेत होता. तेही पहिल्याच सालीचे.

लेफ्टनंट गाल्सेरान बांधावरून खाली आला. वय कमी, चष्मा, आवाज बसलेला. "शेवटची तुकडी अजून यायची आहे," तो म्हणाला. "धुकं उठलं की विमानं येतील. पलीकडची पॉप्लरची झाडं दिसायला लागली की दोर तोडायचा, असा हुकूम आहे. पूल तेवढा वेळ टिकेल?"

"एकेकटा माणूस जाईल," किर्झे म्हणाला.

"रिकामा माणूस," मेदिर म्हणाला. "मशीनगन घेऊन आला तर नाही." मग तो थांबला आणि पुढचे वाक्य त्याने बुटांकडे बघत म्हटले. "गोठ्यात चांगलं बूच आहे. बरंच आहे."

"कुठल्या गोठ्यात?"

"खेचरांच्या. आम्ही ठेवलंय."

लेफ्टनंटने दोघांकडे आळीपाळीने बघितले. "कधीपासून?"

"जुलैपासून."

"आणि कशासाठी?"

"नंतरसाठी," किर्झे म्हणाला.

लेफ्टनंट काही बोलणार होता. त्याचे तोंड उघडलेही. मग त्याने घड्याळाकडे, मग धुक्याकडे बघितले. "खेचरं आणा," तो म्हणाला. "शिव्या मी नंतर देईन. तुमच्या त्या 'नंतर'बरोबरच."

गठ्ठे आवळायला वेळ नव्हता, म्हणून साली दोरीने जशा जमतील तशा बांधल्या. मेदिर, किर्झे आणि आणखी चौघे कपडे काढून पाण्यात उतरले. नोव्हेंबरचे पाणी आधी चावते, मग काहीच कळत नाही. बूच पाण्याखाली ढकलणे सोपे नसते. ते जितके चांगले तितके वर यायला भांडते. दोघांनी गठ्ठ्यावर चढायचे, फळीला धरून सगळे वजन त्यावर टाकायचे, गठ्ठा चौकटीखाली गेला की तिसऱ्याने दोर आवळायचा आणि मग सोडायचे. सोडले की चौकट कुरकुरत वर उठे. एकदा गठ्ठा निसटला आणि किर्झेच्या हनुवटीवर बसला.

"तुझ्या बापाने निवडलेलं दिसतंय हे," रक्त पुसत किर्झे म्हणाला. "तसंच तिरसट."

"बोलू नको, धर."

"तुझ्या अंगात रक्त नाही रे, भुसा आहे बुचाचा."

"धर म्हणतो ना!"

मधली फळी पाण्याबाहेर आली. मग तिच्या पुढची. अलीकडच्या काठाकडचा भाग राहिला, साली संपल्या. मेदिर फळीवर चढला आणि त्याने उड्या मारून बघितल्या. दात वाजत होते, तरी त्याला बरे वाटले. पूल त्याच्या पायांना उत्तर देत होता. तार तुटलेली होती. पलीकडे वर काही कळवायचे राहिले आहे, हे त्या घाईत कुणाच्याच मनात आले नाही.

मग माणसे यायला लागली. धुक्यातून आधी बुटांचा आवाज, मग सावली, मग ओळखीचे तोंड. सगळी गावचीच. कुणी सुतार, कुणी साली कापणारा. दाढ्या वाढलेल्या, डोळे आत गेलेले.

"आजोबा, हा तर कोरडा! आम्ही पोहायच्या तयारीने आलो होतो."

"पुढे चला, बांधामागे. थांबू नका."

"थोडी ब्रँडी आहे का?"

"पुढे आहे."

"खोटं बोलताय."

"हो. चला."

मेदिर प्रत्येक तोंड बघत होता आणि ते बाल्दिरीचे नाही हे कळले की पुढचे बघत होता. धुके आता वरून पातळ होत होते. वर कुठेतरी सूर्य असल्यासारखा पांढरा डाग दिसू लागला. लेफ्टनंट सारखा पलीकडे बघत होता. कुऱ्हाड मेदिरच्या हातात होती, कारण दोर त्यानेच बांधले होते आणि कुठला आधी तोडायचा हे त्याला माहीत होते.

शेवटी बाल्दिरी आला. खांद्यावर टेलिफोनचे खोके, हातात रायफल. मध्यावर येऊन तो थांबला. त्याने खाली बघितले. पाय आपटला. पुन्हा आपटला.

"ये लवकर!" मेदिर ओरडला.

बाल्दिरी हळूहळू आला आणि काठावर पाय न ठेवताच उभा राहिला.

"हा कधी वर आला?"

"आत्ताच. चांगलं बूच घातलं. ये, उतर."

"याने स्ट्रेचर पेललं असतं?"

मेदिरने मधल्या फळ्यांकडे बघितले.

"सिसेत वर आहे," बाल्दिरी म्हणाला. "दगडी झोपडीत, द्राक्षमळ्याच्या कडेला. मांडीचं हाड गेलंय. आम्ही त्याला बांधून तयार ठेवला होता, तेवढ्यात तुमचा फोन आला. स्ट्रेचर नाही म्हणालात. त्याला पाठीवर घेता येत नाही, ओरडतो. तोच म्हणाला, जा." त्याचा आवाज अगदी सपाट होता. "मी पाण्याची बाटली ठेवली त्याच्याजवळ. आणि एक हातगोळा."

सिसेत कढईवरचा माणूस. किर्झेच्या हाताखाली शिकलेला. बाल्दिरीच्या लग्नात तोच सगळ्यांत मोठ्याने गायला होता, आणि सगळ्यांत बेसूर.

बाल्दिरीने खोके आणि रायफल काठावर ठेवली आणि तो वळला.

"थांब! धुकं उठतंय!"

"दिसतंय मला."

"शत्रूचे लोक वरपर्यंत आले असतील."

"आजोबा," बाल्दिरी न वळता म्हणाला, "सकाळी तुम्ही म्हणालात निघा. मग म्हणालात आणू नका. दोन्ही ऐकलं. आता काय ऐकू?"

मेदिरने हातातली कुऱ्हाड बघितली. सकाळपासून त्याला एकच गोष्ट हवी होती आणि ती समोर, हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावर उभी होती. तो बाल्दिरीची बाही धरू शकला असता. दोर तोडूही शकला असता. मग प्रश्नच उरला नसता.

त्याने कुऱ्हाड किर्झेला दिली आणि सकाळी आणलेले रिकामे स्ट्रेचर उचलले.

"तुम्ही जाणार नाही," लेफ्टनंट म्हणाला. "हा हुकूम आहे."

"झाडं दिसली की तोडा, लेफ्टनंटसाहेब. आमच्यासाठी थांबू नका."

लेफ्टनंट चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसायला लागला. "हा सकाळपासून ओला आहे," तो चिडून म्हणाला. "मला तशीही झाडं दिसत नाहीत. पळा."

पलीकडचा उतार त्यांनी वाकून चढला. बांधाच्या पायऱ्या, मोडलेले बदाम, तारांचे वेटोळे. बोलायचे नव्हते. मेदिरच्या छातीत टोचत होते आणि ओल्या अंगावर चढवलेल्या कपड्यांत त्याला थंडी नव्हे, उकाडा जाणवत होता. वरून, फार लांबून नाही, कुणीतरी शीळ घालत होते. निवांत, जेवायला बसलेल्या माणसासारखी. ते शीळ घालणारे त्यांच्यापैकी नव्हते. त्यांच्यापैकी आता इथे कुणीच नव्हते.

झोपडीच्या दारात बाल्दिरी थांबला.

"कोण?" आतून आवाज आला. "बोला, नाहीतर सोडतो हातगोळा."

"मी बाल्दिरी. आजोबा आहेत."

"आजोबा? म्हणजे मेलो मी."

"मेला असतास तर एवढा बोलला नसतास," मेदिर कुजबुजला. "तो गोळा खाली ठेव."

"बोटं वळत नाहीत. तुम्हीच घ्या."

बाल्दिरीने त्याच्या मुठीतून गोळा काढला, खीळ जागेवर आहे हे चाचपून बघितले आणि लांब कोपऱ्यात ठेवला. त्यांनी सिसेतला उचलून स्ट्रेचरवर घेतले तेव्हा त्याने पट्टा दातांत धरला. उतरताना बाल्दिरी पुढे, मेदिर मागे. मेदिरला सिसेतचे तोंड उलटे दिसत होते, कपाळ खाली, दाढी वर, आणि डोळे सताड उघडे. दोनदा मेदिरचा पाय सरकला. दोनदा सिसेत पट्ट्याआडून असे काही बोलला, जे गावच्या पाद्र्याने ऐकले असते तर बरे झाले नसते.

ते काठावर आले आणि धुके फाटले. एका बाजूने कापड ओढावे तसे ते नदीवरून सरकले. उंच, उघड्या पॉप्लरची रांग त्यांच्या डोक्यावरच होती. पलीकडे बांधावर किर्झे कुऱ्हाड घेऊन उभा दिसत होता, आणि लेफ्टनंट, अजून चष्मा पुसत.

शीळ थांबली.

ते फळ्यांवर आले. मधल्या भागापर्यंत पूल घट्ट होता. चांगल्या सालीवर दोन माणसे, स्ट्रेचर आणि तिसरा माणूस, आणि फळी जेमतेम दबत होती. मग मागून मशीनगन सुरू झाली. गोळ्या आधी लांब पाण्यात पडल्या, मग जवळ.

"पळू नको," मेदिर म्हणाला. "पावलं जुळली तर पूल हलेल. तुझं तुझं चाल."

"तुम्ही चाला की!"

चांगली साल संपली. अलीकडचा भाग खाली बसला आणि पाणी गुडघ्यांवर आले, मग मांड्यांवर. "वर!" बाल्दिरी ओरडला. दोघांनी दांडे खांद्यावर घेतले. मेदिरच्या शेजारच्या फळीचा तुकडा उडाला. त्याचा एक पाय चौकटीत अडकला, तो गुडघ्यावर आला, खांद्यावरचा दांडा त्याने सोडला नाही. बाल्दिरीला ओझे कलल्याचे कळले आणि तो थांबला. उघड्या नदीत, गोळ्यांत, मागे न बघता तो नुसता उभा राहिला, मेदिर उठेपर्यंत.

मग हात आले. किर्झेचे, लेफ्टनंटचे, आणखी कुणाचे. स्ट्रेचर बांधामागे गेले. कुऱ्हाडीचे घाव ऐकू आले. दोर सुटल्यावर पूल आधी जागेवरच थबकला, मग त्याचे अलीकडचे टोक प्रवाहाबरोबर वळायला लागले.

सिसेतला ट्रकमध्ये चढवले. तो पट्टा बाहेर थुंकून म्हणाला, "मी तिथे मरणाची सवय करून घेतली होती. पुन्हा सगळं नव्याने." आणि रडायला लागला. ट्रक निघून गेला.

मेदिर आणि बाल्दिरी बांधाला टेकून बसले. बाल्दिरी बूट काढून पाणी ओतत होता.

"मी दुसरा निरोप पाठवायला हवा होता," मेदिर म्हणाला.

"तार तुटली होती."

"माणूस पाठवता आला असता."

बाल्दिरीने बूट उलटा धरून झटकला. तो नाही म्हणेल, म्हणून मेदिर वाट बघत राहिला.

"आला असता," बाल्दिरी म्हणाला.

दक्षिणेकडून विमानांची घरघर येऊ लागली. किर्झे ओरडत होता की सगळ्यांनी ऑलिव्हच्या झाडांत पळा. बाल्दिरीने ओला बूट तसाच पायात कोंबला, उठला आणि मेदिरला हात दिला. मेदिर उभा राहिला तरी त्याने हात सोडला नाही, आणि ते तसेच, एकमेकांच्या पायांत अडखळत, झाडांकडे पळाले.